पात्रांच्या नावांचे अर्थ लावताना मी कुठे चुकले (साहित्याच्या नवीन विद्यार्थ्यांसाठी)

बीएला मराठी घेतलं तेव्हा पहिल्याच ट्युटोरियलमध्ये मी दुर्योधन म्हणजे 'दुष्ट योद्धा' असं लिहून मोकळी झाले होते. सरांनी त्याला गोल केला आणि बाजूला एवढंच लिहिलं, 'दुर्गम म्हणजे काय?' दुर्गम म्हणजे जिथे जाणं कठीण, मग दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणं कठीण तो, म्हणजे नाव तर चक्क गौरवाचं आहे आणि मी तो खलनायक आहे हे डोक्यात धरून अर्थ बसवला होता.

तेव्हापासून मी आधी वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ बघते, आणि अभिधा (सरळ अर्थ देणारी), लक्षणा, व्यंजना या शब्दाच्या तीन शक्ती पाठ करण्यापेक्षा हीच सवय लावा असं मी सांगेन. 'अख्खं गाव रडलं' यात वाच्यार्थ अडतो, घरं-रस्ते काय रडणार, म्हणून आपण गाव म्हणजे माणसं असं घेतो, ही लक्षणा. 'सूर्य मावळला' यात काहीच अडत नाही, तरी गुराख्याला ते गुरं वळवायची वेळ झाली असं ऐकू येतं आणि चोराला आता निघायचं असं, ही व्यंजना. पेपरात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, तेव्हा अर्थ अडला का हे पहिलं विचारायचं, बाकीचे पोटप्रकार नंतर येतात हळूहळू.

नावांचंही तसंच. कुंभकर्ण म्हणजे घड्यासारखे कान असलेला, झोपेचा त्या शब्दात पत्ताच नाही, पण आपण झोपाळू माणसालाच कुंभकर्ण म्हणतो कारण तो अर्थ कथेतून आलाय, शब्दातून नाही. धृतराष्ट्र म्हणजे राष्ट्र धारण करणारा, हे मात्र पात्राशी जुळतं आणि टोचतंही, कारण राज्य सोडवत नाही हीच त्याची गोष्ट. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त दारूने संपणाऱ्या माणसाचं नाव सुधाकर आहे, सुधा म्हणजे अमृत, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते खूप वेळ. त्यातलाच तळीराम, ते नाव तर आता बातम्यांत कुठल्याही दारुड्याला लावतात.

फक्त प्रत्येक नावात अर्थ कोंबू नका, कधीकधी लेखकाने नाव नुसतं नाव म्हणून ठेवलेलं असतं. उत्तरात लिहायच्या आधी संहितेतला एक तरी प्रसंग किंवा संवाद दाखवता येतोय का बघा, नसेल तर तो मुद्दा सरळ सोडून द्या.