उन्हाळ्यात फुलझाडं का जातात? पाणी आणि तणाच्या या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पारा 42-45 अंशांवर जातो, आणि नेमका त्याच दिवसांत मोगरा बहरात असतो. कण्हेर, सदाफुली, चिनी गुलाब यांनाही ऊन लागतंच. तरी मे संपता संपता कितीतरी अंगणांतली नि गच्च्यांवरची झाडं जातात. बहुतेक वेळा कारण मातीत सापडतं. उघडी पडलेली माती तापते, सुकते आणि तणाला मोकळं रान देते. म्हणून उन्हाळ्यात आधी माती सांभाळा, झाडाकडे मग बघा.

दुपारी पानं लोंबली की पाणी ओतणं

दोन वाजता जास्वंदीची पानं लोंबलेली दिसली की जीव कळवळतो आणि हात पाइपकडे जातो. पण ऐन उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगानं उडतं, तितक्या वेगानं मुळं ते ओढू शकत नाहीत. मातीत ओल असतानाही पानं मलूल होतात. ऊन उतरल्यावर ती ताठ झाली तर काळजीचं कारण नाही.

सकाळीही पानं तशीच असतील तर मात्र मातीत बोट घाला, दोन पेरं खोल. कोरडं लागलं तर झाड तहानलेलं आहे. ओलं लागलं आणि तरी झाड मलूल असेल, तर मुळं कुजू लागलीत. वरून दोन्ही लक्षणं सारखीच दिसतात, आणि इथेच सगळ्यात जास्त झाडं मरतात, कारण कुजणाऱ्या मुळांवर आपण आणखी पाणी घालतो. अशा कुंडीचं पाणी थांबवा, तळाचं भोक मोकळं करा, वरची माती हलकेच उकरा.

पाणी सकाळी लवकर द्या. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते बादलीत काढून घ्या. जमिनीतल्या झाडाला रोज थोडं थोडं शिंपडू नका. मुळं मग वरच्या दोन इंचांतच राहतात आणि तिथेच भाजतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, सावकाश, खोलवर मुरेल असं द्या. कुंडीला मात्र रोज पाणी हवं, लहान कुंडीला मे महिन्यात दोनदाही.

कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या कुंडीत एक फसवणूक होते. ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी पीत नाही. घातलेलं पाणी कडेनं वाहून खालून बाहेर येतं आणि कुंडी भिजली असं वाटतं. उचलून बघा, हलकी लागली तर आत कोरडीच आहे. ती टबातल्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बुडबुडे थांबले की काढा. गच्चीवर कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर आणि एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. अबोली, गुलाब आणि शेवंतीची रोपं निम्मं ऊन अडवणाऱ्या (50 टक्क्यांच्या) हिरव्या जाळीखाली चालतात. मोगऱ्यावर जाळी नको, सावलीत कळ्या कमी धरतात.

लव्हाळा वरून उपटणं

पाण्याच्या कडेकडेनं हिरवीगार, तीन कडांच्या दांड्याची पाती उगवतात, तो लव्हाळा. ओढला की वरचा भाग हातात येतो, खालची गाठ जमिनीतच राहते आणि काही दिवसांत पुन्हा पाती. खुरप्यानं खसाखसा कापलं तर परिणाम उलटा होतो. या गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी माळेत ओवलेल्या असतात. माळ तुटली की झोपलेल्या गाठीही फुटू लागतात. मातीवर पसरलेल्या पालापाचोळ्याच्या आच्छादनानं इतर तण दबतं, लव्हाळा दबत नाही. तो प्लॅस्टिकच्या कागदालाही भोक पाडून वर येतो.

वाफा रिकामा असेल तर मे महिना ही लव्हाळ्यावरची सर्वांत चांगली संधी आहे. पाणी बंद करा, फूटभर खोल खणा, सापडतील त्या गाठी वेचा आणि ढेकळं पंधरा दिवस उन्हात उलथीपालथी करत राहा. पूर्ण वाळलेली गाठ मरते. झाडं असलेल्या वाफ्यात मात्र चिकाटी लागते. तीन-चार पानं दिसली की लगेच काढायचं, पुन्हा आलं की पुन्हा काढायचं, म्हणजे नव्या गाठी धरायला त्याला वेळ मिळत नाही. त्याला सावलीही सोसत नाही, म्हणून फुलझाडं दाट लावा. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका. नर्सरीतून रोप आणताना पिशवीतली माती निरखून बघा, लव्हाळा अनेकदा तिथूनच घरात येतो.

हरळीचा एक पेरही मागे राहिला तर रुजतो. घोळ मांसल असल्यानं उपटून तिथेच टाकली तरी दिवसचे दिवस जिवंत राहते, ती वाफ्याबाहेर काढा. चिनी गुलाब तिचाच नातलग आहे. निंदताना त्याची रोपं हकनाक उपटली जातात. चपटी, चमच्यासारखी पानं घोळीची. बारीक, सुईसारखी गोल पानं चिनी गुलाबाची. गाजर गवत फुलण्याआधीच मुळासकट काढा आणि हातमोजे घाला, अनेकांच्या अंगाला त्यानं खाज सुटते.

माती उघडी ठेवणं

काळी माती सुकली की भेगाळते आणि भेगांमध्ये बारीक मुळं तुटतात. कोळपणी, म्हणजे वरवर माती हलवणं, हे अर्धं ओलीत असं शेतकरी म्हणतात, ते बागेलाही लागू आहे. वरचा इंचभर थर हलका केला की भेगा बुजतात, ओल टिकते आणि कोवळं तणही मरतं. मग पाणी देऊन वर पाचट, पालापाचोळा किंवा बी नसलेलं वाळलेलं गवत दोन-तीन इंच पसरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा आणि वाळवी येत नाही ना, हे अधूनमधून उचलून बघा.

पिवळं पान दिसलं की खत टाकणं

मोगऱ्याचं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर युरियानं काही होणार नाही. चुनखडीच्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडाला लोह मिळेनासं होतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा. पानावर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळी असेल, तर तो लाल कोळी आहे. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्यानं वाढतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं जोरात पाणी मारा. वाटेल ते कीटकनाशक मारू नका, कोळ्याला खाणारे कीटकच आधी मरतात. निंबोळी तेल भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

अर्धवट कुजलेलं शेणखतही या दिवसांत नको. ते मातीत कुजताना तापतं. पातळ केलेलं शेणपाणी ओल्या मातीत द्या. छाटणीचंही तसंच: गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात, मोगऱ्याची थंडी सरता सरता. मेमध्ये फक्त सुकलेली फुलं आणि बहरून गेलेल्या फांद्यांचे शेंडे खुडा.

नवं रोप जमिनीत लावायची घाई करू नका. आणलंच असेल तर पिशवीतच, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी सांभाळा आणि मृगाचे एक-दोन चांगले पाऊस पडले की लावा.