बॅटरी उतरली आणि टेप कोड मागू लागला, तर

गाडीतल्या टेपच्या पडद्यावर इंग्रजीत ‘कोड’ किंवा ‘सेफ’ असं उमटलं असेल तर टेप जळलेला नाही आणि बिघडलेलाही नाही. मध्ये त्याचा करंट तुटला होता, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीतून बसून आलेल्या टेपला दोन वायरींतून करंट येतो. एक चावीबरोबर चालू-बंद होते, दुसरी थेट बॅटरीवरून चोवीस तास चालू असते. ही दुसरी वायर मेली की आपल्याला कुणीतरी डॅशबोर्डातून उपसून काढलं असं टेप धरून चालतो आणि चोराला वापरता येऊ नये म्हणून कोड मागतो. बॅटरी उतरो, बदलली जावो, टर्मिनल ढिलं होवो की फ्यूज उडो, त्याला सगळं सारखंच. खरा कोड आतल्या एका चिपमध्ये लिहिलेला असतो आणि करंट नसला तरी ती चिप तो विसरत नाही. त्यामुळे नवा कोड बनवायची गरज नसते, जुनाच शोधायचा असतो.

अंदाजाने आकडे मात्र टाकू नका. १२३४, ००००, गाडीच्या नंबरातले चार आकडे, हे सगळ्यांना सुचतं. चार आकडी कोडाच्या दहा हजार शक्यता असतात आणि काही टेप दोनच चुकांनंतर तासभर बंद होतात. खरा कोड हातात येईपर्यंत बटणांना हात लावू नये.

पडदा पूर्ण काळा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोडाचा संबंध नाही, आधी फ्यूज पाहा. स्टिअरिंगखालच्या किंवा बॉनेटमधल्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर रेडिओ, ऑडिओ किंवा बॅक-अप असं लिहिलेला, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. जास्त अँपिअरचा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

आधी बॅटरी

कोड टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टेप पुन्हा कोड मागतो, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. तिचं मूळ बॅटरीत असतं. सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की टेपला करंट गेल्यासारखंच वाटतं. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुबळी आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तसं नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या पट्ट्याकडे, आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे छपराखाली उभी राहते. उभ्या गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडाथोडा करंट खातात. ५० मिलीअँपिअरपर्यंत ते चालण्यासारखं आहे, पण तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात बसते. त्यात दमट हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून तो धुवा, कोरडं करा, दहाच्या पान्याने क्लॅम्प घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. हाताने हलणारा क्लॅम्प हेही टेपने पुन्हापुन्हा कोड मागण्याचं एक कारण आहे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने करंट घेताना, म्हणजे जंप देताना, एक गोष्ट जिवापाड सांभाळा. ऊस हंगामात निपाणी, चिक्कोडीकडच्या रस्त्यांवर मदतीला पहिला थांबतो तो ट्रक, पण मोठ्या ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची असते, बसचीही. त्यावरून १२ व्होल्टच्या कारला जंप दिला तर टेपबरोबर गाडीचा कंट्रोल युनिटही जळू शकतो. ट्रॅक्टरची सिस्टीम सहसा १२ व्होल्टची असते, तरी त्याच्या बॅटरीवरचा आकडा वाचून घ्या. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

टेपचा नंबर

कोड ज्यावर मिळतो तो नंबर टेपचा असतो, गाडीचा नाही. पण त्याआधी कोडच कुठे लिहिलेला सापडतो का ते पाहा: मालकाच्या पुस्तिकेत चिकटवलेलं छोटं कार्ड, सर्व्हिस बुकाचं शेवटचं पान, डॅशबोर्डाच्या खणाच्या आतल्या बाजूचा स्टिकर. फियाटच्या पुंटो, लिनियाबरोबर वेगळं कोड कार्ड येत असे. होंडाच्या गाड्यांतही असं कार्ड मिळतं.

नाही सापडलं तर काही टेप स्वतःच नंबर दाखवतात. होंडात टेप बंद करा, १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरा आणि तशीच पॉवर दाबा, आठ आकडी नंबर येतो. फोर्डच्या जुन्या फिएस्टा, फ्यूजनसारख्या गाड्यांत टेप चालू ठेवून १ आणि ६ दाबून धरा, काही मॉडेलांत २ आणि ६. ‘एम’ किंवा ‘व्ही’ आणि त्यापुढे सहा आकडे दिसतात. पडद्यावरून बरेच नंबर सरकत जातात, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा, घाईत एखादा आकडा चुकतोच.

पोलो, व्हेंटोच्या टेपचा नंबर बाहेर काढूनच वाचावा लागतो. भोवतीची प्लास्टिकची चौकट फक्त क्लिपांवर बसलेली असते. स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरली तर ओरखडे पडत नाहीत. चौकटीमागे चार स्क्रू असतात, त्यांना टी-२० चा चांदणीसारख्या टोकाचा पाना लागतो. टेप पुढे ओढा, मागचा सॉकेट सोडवायची गरज नाही. वरच्या किंवा बाजूच्या लेबलवर ‘व्हीडब्ल्यूझेड’ने सुरू होणारा चौदा अक्षरांचा नंबर असतो. स्कोडात सुरुवात ‘एसकेझेड’ अशी असते. रेनॉच्या लेबलवर एक अक्षर आणि तीन आकडे असा चार खुणांचा प्री-कोड शोधा, त्यावरून खरा कोड मिळतो. लेबलचा फोटो उजेडात काढा, कारण ‘बी’ आणि ८, ‘ओ’ आणि शून्य यांत फरक करता आला नाही की मिळणारा कोडही चुकतो.

मारुतीचं वेगळं आहे. स्विफ्टसारख्या गाड्यांच्या काही टेपांत चोरीपासून संरक्षण मालकाने स्वतः चार आकडी पिन घालून चालू करायचं असतं. कारखान्याचा कोडच नसतो, त्यामुळे आधीच्या मालकाला विचारणं हाच पहिला रस्ता. दहा वेळा चुकलं की पडद्यावर ‘हेल्प’ येतं आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय इलाज नाही.

कागदपत्रं

अधिकृत सर्व्हिस सेंटर आरसी आणि ओळखपत्र पाहूनच कोड देतं आणि ते बरोबरच आहे, नाहीतर या कुलपाला अर्थ काय? सीमाभागात अडचण नेमकी इथे येते. कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याची जुनी गाडी बेळगावात घेतलेली असते, २८ नंबरच्या फॉर्मवरची एनओसी (ना-हरकत) अजून यायची असते, मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे असतात आणि आरसीवर नाव आधीच्या मालकाचंच. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे आधीच्या मालकालाच त्याच्या नेहमीच्या सर्व्हिस सेंटरमधून कोड काढायला सांगणं. कोडाला राज्याची हद्द नसते. टेपचा नंबर एक तर कोडही एकच, मग तो कोल्हापुरात काढा, हुबळीत काढा की बेळगावात. नावावर झालेली गाडी असेल तर आरसी, आधार, सतरा खुणांचा चासी नंबर आणि टेपच्या लेबलचा फोटो एवढं घेऊन जा.

चासी नंबरवरून मिळालेला कोड लागत नसेल तर टेप मूळचा नसण्याची शक्यता मोठी. कुणीतरी मधे स्क्रॅपमधला टेप बसवलेला असतो. अशा वेळी टेपच्याच नंबरावरून कोड मागा. जुनी गाडी घेताना किल्ल्या, विमा, पुस्तिका मोजून घेतो, तसंच कोडाचं कार्डही व्यवहार पुरा होण्याआधीच मागून घ्यावं.

बाहेरचा ऑटो इलेक्ट्रिशियन टेप उघडून चिपमधून कोड वाचू शकतो. प्रोग्रामरची, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राची, क्लिप चिपच्या पायांवर नीट बसली तर काम स्वच्छ होतं. चिप उपटून काढावी लागेल असं कुणी म्हणत असेल तर दुसरीकडे दाखवा, जास्त तापलेला सोल्डर बोर्डावरची पट्टी उखडतो. गाडीची कागदपत्रं न विचारता काम घेणाऱ्याकडे टेप सोडून येऊ नये.

आकडे टाकताना

चावी ऑन, टेप ऑन. फोक्सवॅगन-स्कोडात ‘सेफ’नंतर थोड्या वेळाने १००० दिसतं, त्याआधी काही दाबू नका. १ ते ४ ही बटणं चार घरांची आहेत. कोड ०४७२ असेल तर पहिलं घर ० येईपर्यंत १ नंबरचं बटण, दुसरं घर ४ येईपर्यंत २ नंबरचं, असं करत जा. मग पुढचं स्टेशन शोधायचं उजवं बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा. टच पडद्याच्या टेपात सरळ आकडे टाकून ओके करायचं.

फोर्डमध्येही घरं अशीच भरायची, शेवटी ५ दाबायचं. जुन्या रेनॉत १ ते ४ ने आकडे बदलतात आणि ६ नंबरचं बटण आवाज येईपर्यंत दाबून धरायचं.

होंडाची रीत निराळी. कोड पाच आकडी असतो आणि प्रत्येक आकड्याचं बटण ओळीने एकदाच दाबायचं. फोक्सवॅगनची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. होंडात त्याआधी एक गोष्ट करून पाहा: टेप ऑन करून पॉवरचं बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा. काही मॉडेलांत टेप गाडीला ओळखतो आणि कोड न मागता सुरू होतो.

चुकलंच तर

फोक्सवॅगनमध्ये दोन चुकांनंतर साधारण तासभर, होंडात दहा चुकांनंतर एक तास थांबावं लागतं. रेनॉत प्रत्येक चुकीगणिक थांबायचा वेळ वाढत जातो. हा वेळ टेप चालू असतानाच मोजला जातो. चावी काढून, जेवून येऊन पुन्हा प्रयत्न केला तर घड्याळ तिथेच अडलेलं असतं. म्हणून चावी ऑन ठेवा, टेप ऑन ठेवा, त्याला हात लावू नका. या तासात बॅटरी पुन्हा उतरू नये म्हणून चार-पाच अँपिअरचा चार्जर लावा. इंजिन चालू ठेवायचं असेल तर गाडी अंगणात काढा, बंद गॅरेजमधला धूर जीवघेणा असतो.

पुढच्या वेळी बॅटरी बदलण्याआधी कोड हाताशी आहे ना हे पाहा. करंट तुटू नये म्हणून इलेक्ट्रिशियन गाडीचे दोष तपासायचा स्कॅनर लागतो त्या सॉकेटमधून छोटी १२ व्होल्टची बॅटरी जोडतात. सिगारेट लायटरचा सॉकेट चावी काढल्यावर बंद होत असेल तर त्यातून जोडून उपयोग नाही. अशी जोडणी असताना सुटलेली पॉझिटिव्ह वायरही जिवंत असते, म्हणून तिच्या क्लॅम्पला जाड कापड किंवा रबर गुंडाळा, तो बॉडीला टेकता कामा नये. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

टेप सुरू झाल्यावर स्टेशनं आणि घड्याळ पुन्हा लावावं लागतं. एका दाबात वर-खाली होणाऱ्या काचाही कधीकधी ती सवय विसरतात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरा, बऱ्याच गाड्यांत एवढ्याने ती परत शिकते.