पोर्ट क्रेडिटला नवे आलात ना?

कॅनडात उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते: आपण इथे कोणीच नाही. भारतात पंधरा-वीस वर्षं नोकरी केली, कर्जाचा एक हप्ता चुकवला नाही, हे सगळं खरं. पण इथली क्रेडिट हिस्टरी कोरी. मला एका बँकेने आधी पाचशे डॉलर ठेव म्हणून ठेवायला लावले आणि मग तेवढ्याच मर्यादेचं कार्ड दिलं. माझेच पैसे मला उधार! त्या दिवशी वैतागून घरी न जाता हुरॉन्टॅरियो रस्त्याची बस पकडली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, आणि टोरॉन्टोजवळच्या ज्या गावात उतरले त्याचं नाव निघालं पोर्ट क्रेडिट.

नाव खरंच उधारीवरून पडलंय. अठराव्या शतकात इथे क्रेडिट नदीच्या मुखाशी व्यापारी इथल्या मूळनिवासी मिसिसॉगा लोकांना आगाऊ माल देत आणि पुढच्या वसंतात ते लोक फर आणून हिशेब चुकता करत. त्यांच्या भाषेत या नदीचं नाव मिसिनिहे, म्हणजे विश्वासाचं पाणी. ना कागद, ना स्कोअर.

विश्वासाचं पुढे काय झालं, तेही माहीत असू द्या. 1805 मध्ये ऑन्टारियो सरोवरकाठची जमीन सरकारकडे गेली, तेव्हा नदीच्या दोन्ही बाजूंची एकेक मैल पट्टी मिसिसॉगांनी स्वतःकडे राखली होती. 1820 च्या करारांनी तीही जवळपास सगळी गेली. उरले दोनशे एकर. तरी 1826 मध्ये त्यांनी नदीकाठी गाव वसवलं. त्यांचे पुढारी पीटर जोन्स मिशनरी होते. त्यांचं मूळ नाव काकेवाक्वोनाबी. 1834 मध्ये बंदर बांधायला जी कंपनी निघाली, तिच्यातही मिसिसॉगांचा मोठा वाटा होता. म्हणजे या बंदराचे ते नुसते मूळ रहिवासी नव्हेत, भागीदार होते. 1847 मध्ये त्यांना हे गाव सोडून हॅगर्सव्हिलजवळ न्यू क्रेडिटला जावं लागलं. जाताना नाव तेवढं बरोबर नेलं. मुलांच्या शाळेत, कार्यक्रमांत सुरुवातीला ही भूमी कोणाची ते वाचून दाखवतात. तेव्हा कृपया मोबाइल बघत बसू नका.

आता किनाऱ्याकडे. मी अलिबागची. कुलाबा किल्ल्यात जायचं तर आधी ओहोटीची वेळ बघायची, ही लहानपणापासूनची सवय. धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना मी सरळ विचारलं, "ओहोटी किती वाजता असते?" बिचारे गोंधळले. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, सीगल ओरडतात, तरी हे सरोवर आहे. जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही, खारा वास नाही. आणि जुहूसारखी वाळू शोधू नका; बराचसा किनारा गोट्यांचा आहे.

त्या दगडांचीही एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात इथले लोक उथळ बुडाच्या शिडाच्या होड्या घेऊन निघत आणि लांब दांड्याच्या दाताळ्यांनी सरोवराच्या तळाचे चपटे दगड उपसत. या होड्यांना स्टोनहूकर म्हणत आणि पोर्ट क्रेडिट हे त्यांचं मोठं ठाणं होतं. टोरॉन्टोतल्या कितीतरी इमारतींच्या पायात हा दगड आहे. पण दगड काढल्यावर लाटा थेट शेतांना खाऊ लागल्या. शेतकऱ्यांनी ओरड केली आणि 1857 मध्ये काठापासून तीन रॉड, म्हणजे सुमारे पन्नास फुटांच्या आत दगड काढायला बंदी झाली. कायदा पाळला किती गेला, हे आपल्याकडच्या वाळू उपशाकडे बघून ओळखा.

पुढे रेल्वे आली, बंदराचा व्यापार उतरला आणि किनाऱ्यावर कारखाने उभे राहिले. 1889 मध्ये सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनी आली. तिच्या 'बी हाइव्ह' नावाच्या मक्याच्या पाकाच्या खरेदीचा पुरावा पाठवला की हॉकीपटूंचे फोटो मिळत. इथल्या म्हाताऱ्यांपुढे 'बी हाइव्ह' म्हणून बघा, गप्पा सुरू होतील. पश्चिमेला आधी विटांचा कारखाना आणि मग तेलशुद्धीकरण, 1985 पर्यंत. जमीन इतकी तेलकट झाली की ती बहात्तर एकर जागा कित्येक वर्षं कुंपणात पडून होती. आज तिथेच ब्राइटवॉटर या नव्या वसाहतीच्या इमारती उठताहेत. पूर्वेला लेकव्ह्यूला कोळशाच्या वीजकेंद्राची चार धुराडी होती, 'चार बहिणी'. 2006 मध्ये ती पाडली. तुम्हाला आज जो हिरवा, फिरायला छान काठ दिसतो, तो बराचसा या सगळ्यानंतरचा.

बंदराच्या तोंडाशी एक गंजकं जहाज दिसेल. अपघात वगैरे नाही. त्याचं नाव रिजटाउन, बांधणी 1905 ची, लांबी साडेपाचशे फुटांहून जास्त. 1974 मध्ये दगड भरून ते मुद्दाम बुडवलं, लाटा अडवायला. त्याच्या आडोशाला मरीनातल्या होड्या सुरक्षित असतात. उलट ज्या दीपगृहासमोर सगळे फोटो काढतात ते 1991 चं आहे. मूळचं, 1882 चं, 1936 मध्ये जळालं. त्याच 1974 मध्ये पोर्ट क्रेडिट मिसिसॉगा शहरात विलीन झालं, पण इथल्या जुन्या माणसाला "तुम्ही मिसिसॉगाचे का?" विचारू नका. पुणेकराला पिंपरीचा म्हणण्यातला प्रकार.

राहायला लगेच इथे येऊ नका, भाडी झेपणार नाहीत. वर मिसिसॉगातल्या स्क्वेअर वन मॉलकडे खोली घ्या आणि इथे फिरायला या. गो ट्रेन या लोकल गाडीने टोरॉन्टोचं युनियन स्टेशन साधारण अर्ध्या तासावर आहे आणि स्टेशनपासून पाणी चालत दहा मिनिटांवर. उन्हाळ्यात रविवारी दुपारी गाडी आणलीत तर जागा शोधण्यातच दिवस जाईल.

पोहायचं तर जॅक डार्लिंग पार्कला जा, पण निघण्याआधी पील या इथल्या विभागाच्या आरोग्य खात्याने पाण्याबद्दल काय सांगितलंय ते बघा. मोठ्या पावसानंतर तर नकोच. आणि ऑगस्ट असला तरी आधी पाय बुडवून बघा. वारा काठावरून आत वाहू लागला की वरचं कोमट पाणी ढकललं जातं आणि तळाचं वर येतं. काल अंघोळीला बरं होतं ते आज बर्फासारखं. मी बघितलं नव्हतं. मुलगा तासभर थरथरत होता.

मासे गळाने धरायला 18 ते 64 वयाच्यांना परवाना लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठे सॅमन नदीत चढतात. मूळचा अटलांटिक सॅमन एकोणिसाव्या शतकातच संपला होता. हे चिनूक पॅसिफिकचे, बाहेरून आणून सोडलेले. आपल्यासारखेच, पण त्यांचं बस्तान लवकर बसलं. सुरमईसारखे तुकडे करून रोज खाऊ नका. कुठल्या पाण्यातला, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचा तक्ता ऑन्टारियो सरकार देतं.

एक नाजूक विषय. आपली काही माणसं या नदीत निर्माल्य, नारळ, तसबिरी सोडतात. अस्थी विसर्जित करायला ऑन्टारियोत सरकारी जमिनीवर आणि तिच्यावरच्या पाण्यात परवानगी आहे. हार, कापड, प्लास्टिकला नाही. गणपती घरी बादलीत विसर्जित करा, शाडूचा असेल तर पाणी कुंडीत घाला.

ऑक्टोबरात एकदा मरीनात या. त्या सुमाराला होड्या पाण्याबाहेर काढून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ओळीने ठेवतात, एप्रिलपर्यंत. पुलावर उभं राहिलं की खाली सॅमन उलटे जाताना दिसतात. थर्मासमध्ये चहा घेऊन या, वारा फार असतो.