कोकणातल्या घरासाठी फ्रिज कसा निवडावा

दुकानदार आधी भाजीचा ट्रे ओढून दाखवतो. तुम्ही फ्रीजर उघडा. आपल्याकडे फ्रिजची खरी परीक्षा तिथेच होते. मे महिन्यात काढलेला आमरस गणपतीपर्यंत टिकवायचा असतो. 1 जूनला मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत, म्हणून त्याआधी आणलेली सुरमई तिथे असते. शिवाय ओले काजू आणि किसलेलं खोबरं आहेच.

खरेदीला निघण्याआधी घरी बसून हिशेब करा, तोही लिटरमध्ये नाही तर डब्यांमध्ये. आमच्याकडे आमरसाचे बारा आणि मासळीचे सहा डबे निघाले. तेच रिकामे डबे मी पिशवीतून दुकानात नेले आणि फ्रीजरमध्ये लावून पाहिले. बर्फाचा ट्रे आणि मधली फळी किती जागा खातात, हे तेव्हा कळलं. बाहेर लिहिलेल्या आकड्यावरून ते कळत नाही.

मग एकदारी की दुदारी, हे ठरवा. दोघांचं घर असेल आणि मासळी रोज ताजी येत असेल, तर एकदारी पुरतो. त्यातल्या लहान कप्प्यात बर्फ होतो, पण महिनोन्‌महिने साठवणीला उणे 18 अंश लागतात आणि तेवढी थंडी तिथे सहसा मिळत नाही. साठवण करणाऱ्या घराने दुदारी, फ्रॉस्ट फ्री घ्यावा. त्यात बर्फ साचत नाही, पण आतला पंखा उघडी मासळी सुकवतो. म्हणून तुकड्या डब्यात पाण्यात बुडवून गोठवा. फ्रीजरचा फ्रिज करता येणारं ‘कन्व्हर्टिबल’ मॉडेल दाखवतील. गणपतीत दूध-भाजीला जास्त जागा मिळेल असं वाटतं खरं, पण तेव्हाच फ्रीजर आमरसाने भरलेला असतो. त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

आता लाइटचं. एका जूनमध्ये वादळानंतर आमच्या वाडीत तीन दिवस लाइट नव्हती. मी दर दोन तासांनी दार उघडून मासळी बघत होते आणि तिथेच चुकले. दार बंद ठेवलं तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. खालचा फ्रिजचा भाग मात्र चारेक तासच. फ्रीजर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून तो भरून ठेवा.

‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसर’ या शब्दाने गोंधळू नका. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. हा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे वीज वाचते आणि सुरू होताना तो एकदम करंट खेचत नाही. असे फ्रिज बऱ्याचदा स्टॅबिलायझरशिवाय चालतात, पण किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते माहितीपत्रकात वाचा. वाडीच्या टोकाला घर असेल आणि संध्याकाळी बल्ब मंद होत असतील, तर स्टॅबिलायझर घ्याच.

अर्थिंगही आधी तपासून घ्या. कातळावरची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.

जागा मोजताना सुतळी घेऊन आधी दरवाजाची रुंदी मोजा. चिऱ्याच्या जुन्या घरात माजघराचं दार अरुंद आणि उंबरठा उंच असतो. फ्रिज आत गेला तरी दोन्ही बाजूंना आणि मागे हवा खेळायला हवी, कारण आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते. किती जागा सोडायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला तो कधीही टेकवू नका.

खारा वारा पत्रा खातो, आणि गंज बहुधा दाराच्या खालच्या कडेला आणि पायांजवळ धरतो. दुकानात वाकून तिथला रंग सलग आहे का ते बघा. फ्रिजखाली लोखंडी स्टँड नको, प्लॅस्टिकचा घ्या. समुद्राजवळच्या घरात आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा.

स्टार मोजण्यापेक्षा लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिलेत ते वाचा. मोठा पाच स्टारवाला फ्रिज लहान तीन स्टारवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. आणि पैसे देण्याआधी विचारा: मेकॅनिक तालुक्यातून येणार की जिल्ह्याच्या गावातून? पावसात हा फरक दोन-चार दिवसांचा होतो.

घर वर्षातले बरेच महिने बंद राहत असेल तर फ्रिजचं बटण बंद करा, तो रिकामा करून पुसा आणि दार किंचित उघडं ठेवा. फ्रीजरमध्ये काही ठेवून जायचंच असेल, तर वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते बर्फाच्या तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग वरून कितीही चांगली दिसली तरी मासळी टाकून द्या.