लिनन घेण्याआधी त्याची सुरकुती मोजून बघा

लिननचं टोक मुठीत घट्ट दाबायचं, सोडायचं आणि किती चुरगळलं ते बघायचं, ही पारख सगळ्यांना ठाऊक आहे. शिवायला कापड निवडताना मीही ती करते, पण निर्णय तिच्यावर सोडत नाही. प्रत्येकाच्या मुठीचा जोर वेगळा, आणि हाताला घाम असेल तर तेच कापड जास्त चुरगळतं.

घामाने फरक पडतो, कारण सगळा खेळ ओलाव्याचा आहे. लिनन बनतं अळशीच्या खोडातल्या तंतूंपासून. हे तंतू मुख्यतः सेल्युलोजचे, आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने अगदी दाटीने बसलेल्या. त्यामुळे तंतू मजबूत असतो, पण लवचिक नाही. लोकर तुटण्याआधी पाव लांबीहून जास्त ताणली जाते, लिनन जेमतेम २ ते ३ टक्के. घडी पडली की बाहेरच्या बाजूला ताण येतो, साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे नाजूक हायड्रोजन बंध तुटतात आणि सरकलेल्या जागी नव्याने जुळतात. मग तंतूला परत सरळ करणारा जोरच उरत नाही. ओलाव्यात हे बंध आणखी सहज सुटतात, म्हणून कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे चुण्या पक्क्या बसतात. लिननला ओलसर असतानाच इस्त्री करायची, तीही याचसाठी.

आता मोजणी. प्रयोगशाळेत ४० बाय १५ मिलिमीटरची पट्टी मधोमध दुमडतात, ५०० ग्रॅम वजनाखाली ५ मिनिटं ठेवतात, वजन काढून आणखी ५ मिनिटं थांबतात आणि घडी किती उघडली तो कोन मोजतात. १८० अंश म्हणजे पट्टी पूर्ण सरळ झाली, शून्य म्हणजे घडी तशीच राहिली.

हे घरी सहज जमतं. नमुन्याचा काठ सोडून तीन पट्ट्या उभ्या धाग्याच्या दिशेने कापा, तीन आडव्या. इस्त्री न करता रात्रभर एकाच खोलीत सपाट पसरून ठेवा. दुमडताना घडीला बोट लावू नका, चिमटा वापरा. वजन म्हणून अर्ध्या किलोची सपाट बुडाची कुठलीही वस्तू चालेल. वजन काढल्यावर पट्टी कागदावर आडवी टाकू नका, उघड्या पुस्तकासारखी कडेवर उभी करा. आडवी ठेवली तर वरचा पदर स्वतःच्या वजनानेच खाली दबतो आणि कोन खोटा येतो. ५ मिनिटांनी दोन्ही पदरांच्या बुडाशी पेन्सिलीने रेघा ओढा आणि कोनमापक लावा. उभ्याची सरासरी अधिक आडव्याची सरासरी, हा त्या कापडाचा आकडा. तो प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडू नका. एकाच दिवशी, एकाच खोलीत तपासलेल्या दोन नमुन्यांची तुलना करायला मात्र तो भरवशाचा आहे.

चुरगळल्यावर कापड कसं दिसेल, ते कोनावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत कापड पिळून दाबतात, २४ तास टांगतात आणि ठरावीक नमुन्यांशेजारी ठेवून १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे सर्वांत गुळगुळीत. गुण देणारे तिघं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला न विचारता गुण देतो. घरी दोघातिघांना विचारा, पण उजेड बाजूने पडू द्या. समोरच्या झगझगीत दिव्यात बारीक चुण्या लपतात.

निवडताना माझा कल विणलेल्या, म्हणजे निटेड लिननकडे किंवा ट्विलकडे, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीकडे असतो. घट्ट साध्या विणीत धाग्यांना सरकायला जागा नसते, त्यामुळे घडी धारदार पडते. सुरकुती कमी पडावी म्हणून रेझिनची प्रक्रिया केलेल्या लिननचा कोन छान येतो, पण त्या प्रक्रियेने तंतू कमजोर होतो. कॉलर आणि बाह्यांची टोकं लवकर झिजतात. रोज वापरायच्या शर्टासाठी मी ते घेत नाही.

आणि हीच मोजणी नमुना धुऊन, वाळवून पुन्हा करा. नव्या कापडावरचं फिनिश धुण्यात उतरलं तर आकडा बदलतो, आणि कपडा तुम्ही त्या दुसऱ्या आकड्यासह वापरणार आहात.