पाइपमधली मराठी आणि विंडोजची प्रश्नचिन्हं

मराठी शब्द मोजणारं माझं पायथन टूल लिनक्स-मॅकवर पाइपमधून (एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून) मुकाट चालायचं. विंडोजवर पॉवरशेल ५.१ या कमांड देण्याच्या खिडकीत मात्र फाइल वाचणाऱ्या गेट-कंटेंट कमांडला यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या बाइटांत मांडायची पद्धत) सांगूनही टूलपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं! कारण ही आवृत्ती बाहेरच्या प्रोग्रामला मजकूर आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हांच्या जुन्या संचात करून पाठवते. हे ठरवणारं पॉवरशेलचं आउटपुट-एन्कोडिंग व्हेरिएबल यूटीएफ-८ केलं, तर वेगळीच गंमत: 'नमन'चा कचरा व्हायचा, पण 'नमस्कार' आला की थेट एरर. पायथन ३.११ पाइप वाचताना विंडोजचं जुनं १२५२ कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा तक्ता) धरत होतं, आणि पायमोडक्या चिन्हातल्या ८डी या बाइटला तिथे अक्षरच नाही. उपाय म्हणून वाचण्याआधी स्टँडर्ड इनपुट (टूलला पाइपमधून मजकूर मिळतो ती वाट) 'यूटीएफ-८-सिग'वर रीकॉन्फिगर केलं. त्यानं सुरुवातीचा बीओएमही (एन्कोडिंग ओळखायची अदृश्य खूण) जातो. पॉवरशेल ७ वाल्यांना पहिली भानगड नाही, दुसरी आहेच.