थायरॉइडचा रिपोर्ट वाचायचाय? मग आधी मेंदूचं ऐका

रिपोर्टमधला टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वाढला म्हणजे थायरॉइडचं काम वाढलं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण टीएसएच थायरॉइड बनवतच नाही. तो येतो मेंदूच्या खाली असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरीतून. तिच्या वर बसलाय हायपोथॅलॅमस, तो टीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, की पिट्युटरी टीएसएच सोडते, आणि तो रक्तातून गळ्यापर्यंत जाऊन थायरॉइडला कामाला लावतो. रक्तात टी४, टी३ (थायरॉइड बनवतं ती हार्मोन्स) पुरेसे झाले की तेच वरच्या दोघांना गप्प बसवतात. म्हणून रिपोर्ट उलटा वाचायचा. टीएसएच जास्त, म्हणजे मेंदू ओरडतोय आणि थायरॉइड ढिम्म. टीएसएच कमी, म्हणजे बहुतेक वेळा रक्तात हार्मोन जास्त झालंय.

नुसता टीएसएच बघून मात्र थांबू नका, शेजारी फ्री टी४ (रक्तात मोकळा फिरणारा टी४) बघा. टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४ असते (लॅबनुसार थोडी बदलते, प्रेग्नन्सीत तर वेगळीच धरतात). टीएसएच वर आणि टी४ खाली असेल तर थायरॉइड कमी पडतंय. टीएसएच वर पण टी४ नॉर्मल, तर सुरुवात असू शकते, कारण टी४ जरासा घसरला तरी पिट्युटरी कितीतरी पटीने आवाज चढवते. आणि टी४ कमी असून टीएसएच नॉर्मल किंवा कमी आला तर "टीएसएच तर नॉर्मल आहे" म्हणून सोडून देऊ नका, ओरडणाराच आजारी असू शकतो, म्हणजे पिट्युटरी किंवा हायपोथॅलॅमस. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

टेस्ट शक्यतो दरवेळी त्याच वेळेला, त्याच लॅबमध्ये करा, टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर डॉक्टरांना सांगून निदान २ दिवस आधी बंद करा, काही मशीनवर त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. मोठ्या आजारपणातही आकडे हलतात, तेव्हा घाई नको.

थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की लोक दहाव्या दिवशी टेस्ट करून मोकळे होतात. उपयोग नाही. टी४ रक्तातून निम्मा व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, मग नवी पातळी स्थिर होऊन मेंदूने तिची दखल घेईपर्यंत ६ ते ८ आठवडे जातात.

आता वजनाचं. टी४ हा बराचसा साठा, पेशींत खरं काम करतो टी३, आणि तो बराचसा लिव्हर, किडनी वगैरे ठिकाणी टी४ पासूनच बनतो. तुम्ही एकदम उपाशी राहायला लागलात की चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं हार्मोन कमी होतं, हायपोथॅलॅमसला वाटतं दुष्काळ आला, तो टीआरएच आखडता घेतो, टी३ घसरतो आणि शरीर कॅलरी जपून खर्च करायला लागतं. यात थायरॉइड बिघडलेलं नसतं, मेंदू त्याचं काम करतोय! त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असताना वजनासाठी कुणाची तरी थायरॉइडची गोळी मागून घेणं म्हणजे हृदयाची धडधड आणि हाडांची झीज ओढवून घेणं.

गोळी खरंच चालू असेल तर ती उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, खाणं त्यानंतर अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा आयर्नची गोळी असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्या, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही आणि टीएसएच परत वर.